पेठेतला रस्ता १२ मीटर होणार म्हणतात, हरकत कशी लिहू?

ओटीवरची

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते. आज लिहायला बसले, कारण हातात १९ दिवस उरलेत आणि गावात विचारावं असं कुणी नाही. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. कोकणातलं लहान गाव, नगरपरिषदेचं, खाडीच्या तोंडाशी बंदर. बंदरापासून वर चढत जाणारी एकच पेठ. दोन्ही अंगांना चिऱ्याची कौलारू घरं आणि दर चार-पाच घरांआड वाडीत उतरणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. देवरुखाहून लग्न होऊन मी इथे आले त्याला २१ वर्षं झाली. गेली १४ वर्षं घराच्या पुढच्या भागात खानावळ चालवते. ओटीवर सहा टेबलं, पडवीत दोन.

११ दिवसांपूर्वी गावाचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला. नकाशा कचेरीच्या भिंतीवर लावलाय, ह्यांनी मोबाइलवर फोटो काढून आणला. पेठेतला रस्ता आज सहा मीटर आहे, तो १२ करायचाय. कारण दिलंय पर्यटन वाहतूक. नकाशात आमच्या घरावरून लाल रेघ गेली आहे.

रेघ म्हणजे नक्की कुठे, हे नकाशावरून डोक्यात शिरेना. म्हणून रात्री शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर आम्ही टेप लावला. मुलगी टॉर्च धरून उभी. डांबराच्या कडेपासून तीन मीटर आत जायचं. गटार संपलं, पायऱ्या संपल्या, पडवी संपली आणि टेपचं टोक ओटीवरच्या दुसऱ्या खांबाला जाऊन टेकलं. हा खांब फणसाचा. आमच्या घरात पूर्वी मीठ-तांदळाचा व्यापार होता. गलबतातून आलेला माल ओटीवर तोलायचे आणि काट्याचा दोर ह्या खांबाला आवळून बांधायचे. त्या दोराने लाकडाला छातीच्या उंचीवर खाच पडली आहे, करंगळी आत बसेल एवढी. जेवायला आलेली लहान मुलं हमखास तिच्यात बोट घालतात. ह्यांनी टेप सोडला नाही, तसेच धरून उभे राहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, बस झालं ना आता."

माझ्याकडे मुंबई-पुण्याची माणसं येतात ती सुरमईच्या ताटासाठी, हे खरंच. पण ताट हायवेवरही मिळतं. जेवण झाल्यावर ती तासभर ओटीवर का रेंगाळतात, ते मी १४ वर्षं बघते आहे. वर बघतात, कौलं विचारतात. एकदा फुटकं कौल काढून दाखवलं तर मागे बासेल मिशनचा ठसा आणि १८६५ हे साल. (ते साल मंगळूरच्या कारखान्याचं आहे, कौलाचं नव्हे, हे मला मागाहून कळलं. तोवर मी सगळ्यांना आमचं छप्पर तेवढं जुनं म्हणून सांगत होते.) ओटीच गेली तर त्या माणसांनी इथे का थांबावं?

जुलै २०२५ मध्ये आपले किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या १२ किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आपल्या किनाऱ्यावरचे. आनंद आम्हालाही झाला, मुलीच्या शाळेत पेढे वाटले. पण तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आता गर्दी येणार, रस्ते मोठे करा. यातला एक किल्ला आमच्यापासून तासाभरावर आहे. तिथे खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते, आणि लागलीच पाहिजे. पण त्याच किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवरची आमची पेठ एका रेघेत जाते आणि तिच्यासाठी कुणाला कुणाची परवानगी लागत नाही. मला ह्याचा त्रास होतो. त्या किल्ल्यांना तांदूळ, मीठ, दोरखंड असल्याच पेठांनी पुरवलं असेल ना?

घरचीही अडचण आहे. मिळकत पत्रिकेवर ११ नावं आहेत. डोंबिवलीचे मोठे दीर म्हणतात, मोबदला घ्या, उरलेल्या जागेत खाली गाळे नि वर लॉज बांधू. त्यांचं अगदीच चुकतंय असंही म्हणवत नाही. घर सांभाळण्याचा खर्च त्यांनाही दिसतो.

तर हरकत लिहायची कशी? "माझं घर वाचवा" एवढंच लिहिलं तर ते एका घराचं रडगाणं होईल. मला पेठेबद्दल लिहायचंय. आणि पेठ राखायची मागणी केली तर उद्या स्वतःच्याच घराला नळ बसवतानाही परवानग्यांच्या मागे धावावं लागेल का?

ओळंबा

ताई, मी ३१ वर्षं नगररचनेच्या कामात आरेखक होतो. अशा लाल रेघा स्वतःच्या हाताने ओढल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे रेघ पडली याचा अर्थ जागा गेली असा नाही. आराखडा अजून प्रारूप आहे. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली तो प्रसिद्ध होतो आणि सूचनेपासून ३० दिवसांत कोणालाही हरकत देता येते. घरमालकच असायला हवं असं नाही. भाडेकरू देऊ शकतो, समोरचा न्हावी देऊ शकतो. मग कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते. अर्जात शेवटी "मला समक्ष म्हणणे मांडायचे आहे" हे वाक्य विसरू नका. आवक क्रमांकासह पोच घ्या, तिच्याशिवाय कागद दिला हे सिद्ध होत नाही.

दुसरं, तुम्ही मागताय ती मेहेरबानी नव्हे. आराखड्यात काय काय असावं हे सांगणाऱ्या कलम २२ मध्येच ऐतिहासिक, वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागा, वारसा इमारती आणि वारसा परिसर यांचं जतन लिहिलेलं आहे. 'परिसर' या शब्दावर बोट ठेवा. एकेक घर सुटं पाहिलं तर बहुतेक घरं साधीच निघतील. ओळीने पाहिली तर ती पेठ आहे. हरकतीत मागण्या दोनच करा. पेठेच्या लांबीपुरती प्रस्तावित रुंदी वगळून रस्ता आहे तसा ठेवावा, आणि हा भाग वारसा परिसर म्हणून दाखवावा.

तुम्ही किल्ल्याचं लिहिलंत ते वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. केंद्राच्या १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित. आता सिंधुदुर्गाच्या तटापासून ३०० मीटर मोजा. बहुतेक पाणीच लागतं. मालवणच्या बाजारपेठेपर्यंत ते माप पोचतच नाही. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचा नियम, भरतीरेषेपासून मोजतं, त्याला किनारा राखायचा असतो, घरं नव्हे. पेठेच्या बाजूने काही मोजायचं असेल तर ते विकास आराखड्यातच, दुसरीकडे कुठे नाही. म्हणून हे ३० दिवस महत्त्वाचे.

आता धंद्यातली गोष्ट. पर्याय न देता केलेली हरकत अहवालात एका ओळीत निकाली निघते. टेबलापलीकडचा माणूस विचारणार, "मग गाड्या कुठून न्यायच्या?" त्याचं उत्तर तुमच्या अर्जात असलं पाहिजे. दोन रविवार पेठेच्या तोंडाशी वही घेऊन बसा. किती गाड्या आत आल्या, किती पेठेत थांबल्या, किती नुसत्या बंदरावर जाऊन वळल्या, ते लिहा. आणि साठ घरांनी एकाच मजकुराच्या झेरॉक्स देऊ नका, साठांना मिळून एकच उत्तर येतं. ज्याने त्याने आपल्या घराचं माप, आपला धंदा, आपली अडचण लिहावी.

आणखी एक. हे मी नोकरीत असताना पुरेसं बोललो नाही, याची खंत आहे. जुन्या पेठेत अशी रुंदी सहसा एकदम होत नाही. ज्याचं घर पाडून नव्याने बांधायला निघेल त्याला परवानगी देताना मागे सरकवतात. एक घर आज, दुसरं १२ वर्षांनी, तिसऱ्याची भावकी भांडत बसलेली म्हणून कधीच नाही. रस्ता रुंद होत नाही, दातऱ्या पडतात. मागे सरकलेल्या प्रत्येक घरापुढे दोन गाड्यांची जागा तयार होते आणि तिथे गाड्या लागतात. वाहतूक होती तिथेच राहते आणि पेठेची ओळ मात्र मोडते. हे मी तीन गावांत पाहिलंय.

परवानग्यांच्या भीतीबद्दल. २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीत वारसा इमारतींचा भाग आहे. वारसा यादीतल्या घरांच्या श्रेणी तीन असतात. तुमच्यासारखी घरं बहुधा तिसऱ्या श्रेणीत येतील, तिथे आतल्या सोयींना फारशी आडकाठी नसते. मालक घर नीट राखणार असेल तर वारसा समितीच्या संमतीने वापर बदलून हॉटेल किंवा कार्यालय करण्याचीही वाट ठेवलेली असते. डोंबिवलीच्या दिरांना हे आवर्जून सांगा. टीडीआरचं, म्हणजे जागेच्या बदल्यात मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या बांधकाम हक्काचं गाजर मात्र कुणी दाखवलं तर भुलू नका. मुंबई-पुण्यात त्याला गिऱ्हाईक आहे. लहान गावात तो घेणार कोण?

सुरूचं बन

मी दापोलीच्या किनाऱ्यावरचा. आठ खोल्यांचा होमस्टे आहे. ओळंबाकाकांनी सांगितलं ते कागदावर बरोबर असेल, पण दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

आमचं घरही कौलारूच होतं. ओटी, पडवी, माजघर, मागे मांगर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आई, मी, बायको आणि दोन मुलं माजघरात जात्याजवळ बसलो होतो. आधी एकेक कौल उडत होतं, पत्त्यासारखं. मग वासे करकरायला लागले आणि आढ्याकडचा एक अख्खा भाग उचलून वाडीत जाऊन पडला. वरून पाऊस सरळ अंगावर. आईने देव्हारा पदराखाली घेतला होता. माडच ३७ गेले, पोफळींची तर मोजदादच केली नाही. कित्येक आठवडे वीज नव्हती. कौलं विकत घ्यायला गेलो तर मिळेनात, मिळाली ती बसवायला माणूस नाही. जुने सुतार म्हातारे झाले, त्यांची पोरं मुंबईला. पावसाळा तोंडावर. ताडपत्री घालून चार महिने काढले आणि पुढच्या वर्षी कर्ज काढून स्लॅब टाकला. आमच्या आळीत बहुतेकांनी एक तर पत्रे घातले, नाहीतर स्लॅब.

आज जूनमध्ये वारा सुटला तरी आई झोपते. याच्यापुढे मला वारशाचं कुणी काही सांगू नये.

वादळ सोडा, माकडांचं काय? दर वर्षी वानरांची टोळी छपरावर नाचून कौलं फोडते. उन्हाळ्यात कौलं परतायची, वासे बघायचे, रिपा बदलायच्या. हा खर्च यादी करणारा देणार आहे का? तुमच्या घराला श्रेणी लागली आणि उद्या छप्पर उडालं, तर पुन्हा कौलंच घाला असं सांगतील. घालू, पण पैसे आणि माणूस द्या.

ताई, तुमचा रस्ता होऊ नये हे मला पटतं. त्या हरकतीवर मी इथून सही पाठवीन. पण यादीच्या मागणीवर माझ्यासारख्याची सही मागू नका, जोवर दुरुस्तीची सोय त्याच कागदात लिहिलेली नाही.

ओटीवरची

सुरूचं बन, तुमचं लिहिणं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. देव्हाऱ्याशी आल्यावर त्यांनी हात जोडले. बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "त्याचं खरं आहे. लिहिताना त्याला सोडून लिहू नकोस."

वानरं आमच्याकडेही आहेत. गेल्या वर्षी तीनशेच्या वर कौलं फुटली. तुम्ही म्हणता तसं, कौलं सहज मिळत नाहीत. नवी मिळतात ती हलकी, जुन्यांत नीट बसतही नाहीत, खाच जुळत नाही. मग मी कुठून आणली? वरच्या आळीतलं एक घर पाडलं, त्याची उतरवून ठेवलेली घेतली. आधीच्या वेळी खालच्या बाजूचं एक पडलं होतं, त्याची. म्हणजे गेली काही वर्षं शेजारची घरं पडताहेत म्हणून आमचं छप्पर टिकून आहे. ट्रॅक्टरमधून कौलं उतरवून घेताना मला ते कळत होतं आणि तरी मी मोजून घेतली. त्या घरातली म्हातारी माझ्याकडे दर संकष्टीला मोदकाचं पीठ मागायला यायची.

ह्यावरून डोक्यात एक आलंय, ओळंबाकाका तुम्ही सांगा जमेल का. घर पाडायची परवानगी देताना कौलं, वासे, खांब, दारं मोडीत न जाता नगरपरिषदेच्या एका आवारात जमा व्हावीत आणि दुरुस्ती करणाऱ्याला तिथून रास्त भावात मिळावीत. जागा फार लागणार नाही. आमच्याकडे जुनी मिठाची वखार रिकामी पडून आहे. शिवाय राखलेल्या घराला घरपट्टीत सूट. मी हरकतीत हे वेगळ्या परिच्छेदात घालते, सुरूच्या बनाचा मुद्दा म्हणूनच घालते.

आणि दादा, मला तुमच्या स्लॅबला नावं ठेवायची नाहीत, पण एक सांगते. मी मुलीला घेऊन मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेले होते, कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला. तिथला महोत्सव २००६ पासून चाललाय. राहायला लोकांची घरंच. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या माजघरात गोधडीवर झोपलो, न्हाणीघर मागच्या दारी, सकाळी घावणे. पाहुण्यांसाठी घर पाडलं नव्हतं, घरात होतं त्यात पाहुण्याला जागा केली होती. त्यांचा हंगाम थोड्या आठवड्यांचा, तेवढ्यावर सगळं पोट भरत नाही हे मान्य. पण गावाने आधी ठरवलं की पाहुणा कसा यायचा, मग तो आला. आमच्याकडे उलटं चाललंय.

मळ्याकाठची

मी पणजीची, फोंताइन्हास या जुन्या वस्तीच्या कडेला राहते. ताई, घरं राखली गेल्यावर काय होतं तेही ऐका.

आमच्या गल्लीतली घरं पाडून टॉवर बांधता येत नाहीत, हे चांगलंच आहे. पावसाळा सरला की घर रंगवायची जुनी रीत अजून चालते. पण ते निळे-पिवळे रंग फोनच्या फोटोत छान दिसतात. मग सकाळी आठपासून पायरीवर अनोळखी माणसं. लग्नाआधीचे फोटो काढणारे तर कपडे बदलायलाही कोपरा शोधतात. माझे सासरे खिडकीत बसून पेपर वाचायचे. लोक त्यांच्यासकट खिडकीचा फोटो काढायला लागले तेव्हा त्यांनी खुर्ची आत नेली. ती पुन्हा बाहेर आली नाही. शेजाऱ्यांनी दारांवर 'फोटो काढू नये' अशा पाट्या लावल्या आहेत.

पाट्यांपेक्षाही वाईट म्हणजे एकेक घर गेस्ट हाऊस झालं, खाली कॅफे. बाहेरून भिंत तीच, रंग तोच, नियमात सगळं बसतं. पण नाताळला नेवऱ्यांचं ताट घेऊन जायला पूर्वी गल्लीभर दारं होती, आता आमच्या बाजूला चार उरली.

म्हणून तुमच्या मागणीत भिंती-कौलांबरोबर वापरही लिहा. पेठेत किती घरांचं हॉटेल व्हावं याला काही मर्यादा हवी. ओळंबाकाका वापर बदलायची सोय म्हणून जे सांगताहेत, त्याच सोयीने आमची गल्ली रिकामी झाली. तुमच्या समोरचा न्हावी, शिंपी, किराणावाला राहिला पाहिजे. खानावळवालीला हे सांगताना मला अवघड वाटतं, पण तुम्ही स्वतः त्या घरात राहता, हा फरक मोठा आहे.

तीन चाकां

मी मालवणातलो. २२ वर्षां रिक्षा चालवतंय. ताईनू, माझा म्हणणा थोडक्यात.

मे म्हयन्यात आणि नाताळाक लोकां गाडये घेवन येतत आणि सगळ्यांका गाडी पार बंदराच्या पाण्यात न्हेवची असता. अरुंद रस्तो, समोरसून दुसरी गाडी, मग दोघय हॉर्न मारीत रवतत. पण मगे काय करतत? गाडी थय लावतत आणि होडयेत बसान किल्ल्यात जातत. किल्ल्यात कोण गाडी घेवन जाता काय? नाय. तिकीट काढतत, लायनीत उभे रवतत, होडयेतसून उतारतत, चालतत. कोणाची तक्रार नाय. मगे पेठेतसून चालूक काय झाला?

गावाच्या वर सडो, मोकळो कातळ, असतलो. थय गाडये थांबवा. खाली आमी रिक्षावाले सोडतलव, ठरावीक भाड्यान. म्हाताऱ्यांका, पोरांका त्रास नाय. आमका चार पैसे गावतले. तुमच्या अर्जात रिक्षा संघटनेची सही घेवा, ती लय कामाक येता. रस्तो मोठो झालो तर आमचो धंदोच जातलो, ह्या तुमच्या गावातल्या रिक्षावाल्यांका अजून कळाक नसात. तुमी जावन सांगा.

ओटीवरची

दोन रविवार झाले, वही घेऊन बसलो. एक बाजू मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी सांभाळली. दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात २१४ गाड्या आत आल्या. त्यातल्या १७१ पेठेत थांबल्याच नाहीत, बंदरावर गेल्या आणि जागा नाही म्हणून तशाच वळल्या. म्हणजे ज्यांच्यासाठी रुंदीकरण त्यांचं पेठेत काही काम नाही, आणि दोनदा त्या पेठेतून जातात. मला हे रोज समोर दिसत होतं, पण आकडा लिहिल्यावर मी वही ह्यांच्या हातात दिली आणि दोघंही बघत राहिलो.

तीन चाकांवाल्या दादा, तुमचं अक्षरन् अक्षर खरं निघालं. एसटी स्टँडच्या मागे सडा आहे, आराखड्यात तो व्यापारी संकुलासाठी दाखवलाय. तिथे वाहनतळ मागितलाय. रिक्षावाले आधी हसले. मग त्यांच्यातल्या एकाने वही मागून घेतली आणि उलटसुलट पाहिली. दुसऱ्या दिवशी २६ सह्या घेऊन आला.

मळ्याकाठची, तुमचा मुद्दा लिहिताना माझा हात थांबला होता. मर्यादा आली तर ती मलाही लागेल. तरी लिहिलाय, असा: ज्या घरात मालक किंवा जुना भाडेकरू राहतो त्याच घराच्या पुढच्या भागात पाहुण्यांचा व्यवसाय असावा, अख्खं घर व्यवसायाला देऊ नये. ह्यावर पेठेत दोन रात्री भांडणं झाली. तिघांनी सही मागे घेतली, त्यांना घर लॉजला भाड्याने द्यायचंय. तो परिच्छेद मी काढला नाही.

११ नावांपैकी पाच जणांनी संमती दिली. डोंबिवलीच्या दिरांचा फोन आला. म्हणाले, वापर बदलता येतो हे आधी का नाही सांगितलंस? मग विचारलं, टेप कुठवर येतो? म्हटलं, दुसऱ्या खांबाला. थोडा वेळ गप्प राहिले. "गणपतीचा पाट त्याच्या अलीकडे ठेवतो की पलीकडे?" अलीकडे, असं मी सांगितलं. त्यांची सही अजून आलेली नाही, पण दुसऱ्या दिवशी मोबदल्याचं बोलले नाहीत.

एकंदर ४८ घरांच्या ४८ वेगवेगळ्या हरकती तयार आहेत. परवा देतोय. ओळंबाकाका, शेवटचं विचारते. सगळ्यांनी सध्याची रुंदी सहा मीटर लिहिली आहे. आम्ही डांबरापुरतं मोजलं. दोन्ही बाजूंची गटारं धरायची की नाही?

ओळंबा

धरायची. गटार रस्त्याच्याच हद्दीत येतं. सिटी सर्व्हेच्या नकाशावर समोरासमोरच्या मिळकतींच्या हद्दींमधलं अंतर मोजा आणि तोच आकडा सगळ्यांनी लिहा. प्रस्तावित रेघ दाखवताना मात्र आराखड्याच्या नकाशावरूनच माप घ्या, दोन्ही बाजूंना सारखी धरली असेल असं गृहीत धरू नका.

गटारं किती रुंद आहेत? उघडी आहेत का?

ओटीवरची

उघडी. आत्ताच मोजून आले, दोन्हीकडे ४५ सेंटिमीटर. पावसात पाहुण्यांचे पाय जातात त्यात.

ओळंबा

म्हणजे आज तुमचा रस्ता सहा नाही, सहा मीटर ९० आहे. त्यातले ९० सेंटिमीटर कुणाच्या पायाखाली येत नाहीत. त्यांवर पक्की झाकणं टाकली की दोन्ही अंगांना चालायला पट्टी मिळते, एकाही पायरीला हात न लावता. ही मागणी पहिल्या पानावर घाला, आकड्यांसकट. आणि ४८ अर्जांतला सहाचा आकडा आज रात्रीच दुरुस्त करून घ्या.

ओटीवरची

घेते. मुली कार्बन आणि पेन घेऊन ओटीवर बसल्यात. पेठेच्या खालच्या टोकापासून सुरुवात करतोय.